ताणा ख्रिस्ताचा, बाणा मातीचा

आमच्या आजीनं उभ्या आयुष्यात 'पेगन' हा शब्द ऐकला नसावा. पण मृगाचा पहिला पाऊस पडला की ती डोक्यावर पदर घेऊन अंगणात यायची, ओल्या मातीचं ढेकूळ हातात धरायची आणि 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणायला लागायची. प्रार्थना संपेपर्यंत ढेकूळ विरघळून बोटांतून गळायला लागलेलं असायचं. मग तोच हात ती आम्हा मुलांच्या कपाळाला लावायची. एकदा चर्चमधल्या एका वडीलधाऱ्यांनी 'ही मूर्तिपूजकांची रीत आहे' म्हणून तिला चारचौघांत टोकलं. त्यानंतर ती अंगणाऐवजी परसात जाऊ लागली. पण जायची.

सोलापुरातल्या ख्रिस्ती घरांतली काही तरुण मुलं-मुली हल्ली माझ्याकडे येतात ती याच परसातले प्रश्न घेऊन. येशू सोडवत नाही, आणि पाऊस, माती, चंद्र, झाडं यांच्यासमोर जे आतून हलतं तेही खोटं वाटत नाही. इंटरनेटवर कुठंतरी 'ख्रिस्ती-पेगन' वाट, म्हणजे येशूबरोबरच निसर्गपूजेच्या रीती पाळण्याची वाट, वाचलेली असते, पण तिथली चित्रं भोपळ्यांची आणि बर्फाची. ती मे महिन्यातल्या सोलापुरात कशी लावायची? मी गेली बरीच वर्षं हे करून पाहते आहे. जे टिकलं ते इथं क्रमानं मांडते.

आधी शब्द नीट धरा

'पेगन' हा शब्द लॅटिन 'पागानुस'वरून आला. 'पागुस' म्हणजे खेड्यापाड्याचा मुलूख आणि 'पागानुस' म्हणजे तिथला माणूस. चौथ्या शतकाच्या सुमारास रोमन साम्राज्यातले ख्रिस्ती लोक जुन्या दैवतांना मानणाऱ्यांना या नावानं ओळखू लागले. आज स्वतःहून हे नाव घेणारे लोक मुख्यतः युरोप-अमेरिकेत आहेत. इंग्लंडमध्ये जेराल्ड गार्डनर यांनी १९५०च्या दशकात पुढे आणलेला विक्का हा निसर्गपूजक पंथ आणि प्राचीन केल्टिक पुरोहितांचं नाव घेणारी ड्रुइड मंडळी ही त्यातली ठळक नावं. रॉस निकोल्स यांनी १९६४ साली स्थापन केलेल्या ड्रुइड संघात तर ख्रिस्ती सभासदही असतात. मतं नाना आहेत, पण बहुतेकांना जोडणारं सूत्र एकच: धरती पवित्र आहे, ऋतूंबरोबर उपासना करायची, देवत्वात आईपणही पाहायचं, गेलेल्यांची आठवण ठेवायची.

एक गोष्ट इथंच सांगते, कारण ती मला फार महत्त्वाची वाटते. शेजारच्या काकूंच्या देवाला 'पेगन' म्हणू नका. सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धेश्वर, त्याची पूजा ही तुमच्या प्रयोगाचं सामान नाही. ती जिवंत माणसांची, शेकडो वर्षांची भक्ती आहे. 'पेगन' हे नाव ज्यांनी स्वतः घेतलं, त्यांच्यापुरतंच ठेवा.

पहिली पायरी: ताणा लावा

मागाच्या घरात वाढलेल्याला हे सांगावं लागत नाही. ताणा बसल्याशिवाय धोटा फिरत नाही. उभे धागे पक्के ताणलेले असले, की आडव्या धाग्यांत हवा तो रंग भरता येतो. उभाच ढिला असेल तर चादर होत नाही, गुंता होतो.

म्हणून कागद घ्या आणि लिहा: माझा ताणा कोणता? साधारण तीन जागा असतात. एक, मी ख्रिस्ती आहे आणि ऋतूंच्या, मातीच्या रीतींमधून त्याच देवाची उपासना करते. दोन, मी दोन्ही परंपरा आपल्या मानते, दोन्हींना वेगवेगळा वेळ देते. तीन, माझी श्रद्धा निसर्गावर आहे आणि येशूला मी गुरू मानते. माझी जागा पहिली आहे. तुमची दुसरी असू शकेल. पण पहिल्या आज्ञेत 'माझ्याशिवाय तुला अन्य देव नसावेत' असं स्पष्ट आहे, आणि दुसरी-तिसरी जागा निवडणाऱ्यानं ती आज्ञा वाचून, तिच्याशी झगडून मग निवडावी. ही अडचण गोड बोलून टळत नाही.

कळत नसेल तर स्वतःला एक विचारा. रात्री दोन वाजता दवाखान्याच्या व्हरांड्यात बसले असताना तोंडातून आपोआप कुणाचं नाव येतं? बहुतेकांचा ताणा तिथं सापडतो.

त्याच कागदाच्या मागं 'हे मी करणार नाही' असं लिहून यादी करा. माझ्या यादीत भविष्य पाहणं, मृतांना बोलावणं आणि कुणावर काही 'करणं' हे तिन्ही आहे. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात ते निषिद्ध आहे हे एक कारण. दुसरं कारण आपल्या आसपासचं: अघोरी प्रथा आणि जादूटोण्याच्या नावाखाली इथं माणसं इतकी नाडली गेली, की महाराष्ट्राला २०१३ साली कायदा करावा लागला. पेगन पुस्तकांत मंत्रतंत्राची प्रकरणं असतात. ती पानं मी सोडून देते. कुणी पैसे घेऊन 'दीक्षा' देऊ म्हणालं, तर उठून घरी या.

दुसरी पायरी: ऐकीव इतिहास चाळून घ्या

या विषयावर जितकं खोटं पसरलंय तितकं क्वचितच कशावर असेल. 'ईस्टर म्हणजे बाबिलोनची इश्तार देवी' हे त्यातलं सगळ्यात लाडकं. दोन्ही शब्दांचा संबंध नाही. अनेक युरोपीय भाषांत या सणाचं नाव 'पास्का'वरून, म्हणजे आपण ज्याला वल्हांडण म्हणतो त्यावरून आलेलं आहे. इंग्रजी नावाबद्दल बीड नावाच्या साधूनं ७२५ साली एवढंच लिहिलं, की 'एओस्त्रे' नावाच्या एका देवीवरून तो महिना ओळखला जाई. ससे, अंडी वगैरे त्यानं काही लिहिलेलं नाही. तसंच पेगन लोकांचं आठ सणांचं वर्षचक्र. त्यातले काही सण फार जुने आहेत, पण आठांची ही माळ विसाव्या शतकाच्या मध्यात ओवली गेली. नवं असलं म्हणून ते वाईट ठरत नाही. फक्त ते हजारो वर्षं अखंड चालत आलं असं कुणाला सांगू नका.

खरा इतिहास याहून सरस आहे. रोमन शेतकरी २५ एप्रिलला 'रोबिगालिया' पाळत. गव्हावर तांबेरा पडू नये म्हणून रोबिगुस देवाची मिरवणूक काढत. पुढे रोमच्या चर्चनं त्याच तारखेला पिकांसाठी प्रार्थना म्हणत मिरवणूक सुरू केली. देव बदलला, पण तांबेऱ्याची भीती आणि शेताकडे जाणारी पावलं तीच राहिली. ६०१ साली पोप ग्रेगरी यांनी इंग्लंडला निघालेल्या मेलितुस या धर्मप्रचारकाला पत्र लिहिलं: मूर्ती काढा, पण देवळं पाडू नका, तीर्थ शिंपडून तिथंच उपासना करा. अथेन्समध्ये पौलानं 'अज्ञात देवा'च्या वेदीपासून बोलायला सुरुवात केली आणि ग्रीक कवीची ओळ उद्धृत केली, हे प्रेषितांची कृत्ये १७ मध्ये आहेच.

आणि आपल्या भाषेत? फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली ख्रिस्तपुराण छापलं ते मराठी ओवीत. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक म्हणत, की ते तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले. १९१७ साली त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. मराठी चर्चमध्ये अभंग, भजन आणि कीर्तन आपण इतकी वर्षं गातो आहोत. तेव्हा 'हे परकं आहे' असं कुणी म्हटलं, तर ही वाट आपल्या घरातूनच गेलेली आहे हे शांतपणे सांगता येतं.

तिसरी पायरी: घरात एक कोपरा

फार थाट नको. पूर्वेच्या खिडकीजवळ एक पाट पुरतो. मध्ये क्रूस आणि पवित्र शास्त्र. एका बाजूला वाडग्यात काळी माती, दुसऱ्या बाजूला तांब्यात पाणी, एक पणती किंवा मेणबत्ती, आणि ऊद. पेगन मंडळी माती, पाणी, अग्नी आणि वारा ही चार तत्त्वं चार दिशांना मांडतात. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात पाण्यावर तळपणारा आत्मा आहे, दुसऱ्यात मातीतून घडवलेला माणूस, निर्गमात जळणारं झुडूप. मला मांडणी बदलावी लागली नाही, फक्त वचनं शोधावी लागली. माती शक्यतो आपल्या गावच्या शेतातली आणा. कुंडीसाठी विकत मिळते ती नको. पाणी रोज बदला आणि जुनं झाडाला घाला. पडद्याजवळ दिवा नको.

चौथी पायरी: वर्ष सोलापूरचं धरा

सगळ्यात जास्त वेळ याच पायरीला द्या. बहुतेक जण इथंच चुकतात, मीही चुकले होते. सुरुवातीची दोन वर्षं मी परदेशी चक्र जसंच्या तसं पाळलं आणि ते अंगाला लागलंच नाही. कारण उघड आहे. लंडनमध्ये २१ डिसेंबरचा दिवस आठ तासांहूनही लहान असतो, म्हणून तिथं सूर्य परतल्याचा आनंद हाडांत उतरतो. सोलापुरात तो दिवस सुमारे ११ तासांचा, आणि जूनमधला सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा. आपलं वर्ष उजेडावर वळत नाही. ते ऊन आणि पाण्यावर वळतं. म्हणून सणांची नावं बाजूला ठेवा आणि आधी खिडकीबाहेर काय चाललंय ते बघा.

*वळीव आणि पेंटेकॉस्ट.* पेंटेकॉस्टचा, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याचा, दिवस १० मे ते १३ जून यांच्या दरम्यान येतो. नेमका तेव्हाच आपल्याकडे धुळीचं वादळ उठतं, दारं-खिडक्या आपटतात आणि टपोरे थेंब पडतात. 'सुसाट वाऱ्यासारखा नाद' हे शब्द मी लहानपणापासून ऐकत होते, पण ते कळले गच्चीवर वळवाच्या वाऱ्यात उभी राहिल्यावर. पहिल्या पावसात उघड्यावर वाडगं ठेवा. ते पाणी पिऊ नका, पहिल्या पावसात धूळ असते. कोपऱ्यातली माती त्यानं भिजवा आणि प्रभूची प्रार्थना म्हणा. विजा कडाडत असतील तर गच्चीवरून खाली या, देव जिन्यातही ऐकतो.

*सावली नाहीशी होते तो दिवस.* सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पेगन चक्रातले १ मेचा बेल्टेन आणि १ ऑगस्टचा लामास हे सण याच दोन दिवसांच्या आगेमागे येतात. हे मला एका दुपारी कुंडीतल्या काठीकडे बघताना लक्षात आलं आणि फार आनंद झाला. परदेशी नावं न घेता आपल्याला आपलेच दोन टप्पे मिळाले. मेमधला टप्पा बऱ्याचदा येशूच्या स्वर्गारोहणाच्या दिवसाच्या जवळ येतो. बारा-साडेबाराच्या सुमारास काठी रोवा, सावली आखडताना पाच मिनिटं गप्प बघा, मग पक्ष्यांसाठी पाण्याचं भांडं भरा. ऑगस्टमध्ये मात्र बऱ्याचदा ढग असतात, तेव्हा सूर्य दिसेलच असं नाही.

*भाकरीचा सण.* लामास म्हणजे नव्या गव्हाच्या पावाचा सण, १ ऑगस्टचा. आपल्याकडे तेव्हा रब्बीची ज्वारी पेरलेलीसुद्धा नसते. म्हणून मी तो फेब्रुवारी-मार्चमध्ये हलवला, शाळू घरात येतो तेव्हा. तेव्हा नेमका ईस्टरआधीचा उपवासकाळ असतो, पण त्या चाळीस दिवसांत रविवार धरत नाहीत. मग एखाद्या रविवारी नव्या ज्वारीची गरम भाकरी, शेंगाचटणी, आणि घरच्यांबरोबर प्रीतिभोजन. पहिली भाकरी मोडून दारी येणाऱ्या कुणाला तरी द्यायची. बाकीचे दिवस कडक भाकरी. प्रभुभोजन मात्र चर्चमध्येच घ्या. घरच्या भाकरीला ते नाव देऊ नका, त्यानं मंडळीतली माणसं विनाकारण दुखावतात.

*पेरणी आणि गेलेली माणसं.* ३१ ऑक्टोबरचा 'सावन' (Samhain, आपला श्रावण नव्हे) हा आयर्लंडमध्ये हंगाम संपल्याचा सण, आणि २ नोव्हेंबर हा ख्रिस्ती परंपरेत सर्व मृतांचा स्मरणदिन. तिकडे शेतं रिकामी झालेली असतात. सोलापुरात त्याच दिवसांत ज्वारी नुकतीच मातीत गेलेली असते, कुठं कोंब वर आलेले असतात. 'गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला नाही तर तो एकटाच राहतो' हे योहान १२ मधलं वचन इथं शब्दशः डोळ्यांसमोर असतं. कबरस्तानात जाताना मी मूठभर ज्वारी घेऊन जाते. कबर साफ करायची, पाणी शिंपडायचं, कडेच्या मातीत दाणे टाकायचे, आणि त्या माणसाची एक गोष्ट मोठ्यानं सांगायची. लहान मुलांना आवर्जून न्या. मृतांशी बोलायचा प्रयत्न करू नका, त्यांच्याबद्दल देवाशी बोला.

*वेळ अमावस्या आणि नाताळ.* वेळ अमावस्या म्हणजे मार्गशीर्ष अमावस्या. ती बऱ्याचदा नाताळाच्या आसपास येते. २०२२ साली ती २३ डिसेंबरला होती, २०२४ साली ३० डिसेंबरला. आपल्या भागात शेतकरी शेतात कडब्याची कोप उभारतात, आत पूजा मांडतात, आणि भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे असं जेवण सगळ्यांना वाढतात. बोलावणं आलं तर नक्की जा, पाहुण्यासारखे जा. कोपीतली पूजा त्यांची आहे. तुम्ही जेवा, मदत करा, आणि येताना चार पेंढ्या कडबा मागून आणा. त्याच कडब्याची गव्हाण करून आम्ही घरी बाळ येशू ठेवतो. कापूस आणि थर्माकोलचा बर्फ लावायचं आम्ही सोडलं, त्याला आता बारा वर्षं झाली.

*गड्ड्याचे दिवस.* गड्डा म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा. संक्रांतीच्या सुमारास सगळं शहर तिच्या नंदीध्वजांच्या मागं असतं. बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर, म्हणजेच सिद्धेश्वर, हे परंपरेनं तलाव खोदणारा, अडुसष्ट लिंगं स्थापणारा शिवयोगी. पाण्यासाठी राबणं हीच त्यांची भक्ती. मी तिथली कुठलीही विधी घरी उचलून आणत नाही. पण जानेवारीतच चर्च येशूच्या बाप्तिस्म्याचं स्मरण करतं, पूर्वेकडच्या मंडळ्या पाण्याला आशीर्वाद देतात. म्हणून त्या आठवड्यात आमच्याकडे पाण्याचं काम असतं: गळका नळ दुरुस्त करणं, टाकी धुणं, तळ्याकाठचा कचरा वेचणं. ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, तिथं ही उपासना कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

पाचवी पायरी: रोजची पाच मिनिटं

सकाळी अनवाणी दारात या. एकदा आकाशाकडे, एकदा जमिनीकडे बघा. स्तोत्र १०४ किंवा १४८ मधल्या चार ओळी म्हणा. दोन्हींत वारा, पाणी, झाडं आणि प्राणी आहेत. संध्याकाळी चंद्र कुठं आहे ते पाहून त्या दिवसाबद्दल आभार माना. देवाला आई म्हणावंसं वाटलं तर म्हणा. यशया ६६ मध्ये तो आईसारखा धीर देतो, आणि येशू स्वतःला पिल्लं पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीची उपमा देतो. 'माउली' हा शब्द तर आपल्या तोंडात आहेच.

सहावी पायरी: प्रसाद, शेजार आणि स्वतःचं घर

प्रसाद घ्यायचा का? हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. पौलानं करिंथकरांना लिहिताना दोन्ही बाजू ठेवल्या आहेत. मूर्ती काहीच नाही, म्हणून अन्नात दोष नाही, हे आठव्या अध्यायात. पण ज्याचं मन दुबळं आहे त्याला अडखळण होऊ नका, हेही तिथंच. आणि दहाव्या अध्यायात तो दोन मेजांवर जेवू नका असा कडक इशारा देतो. मी शेजाऱ्यांनी प्रेमानं दिलेलं दोन्ही हातांनी घेते. माझ्या बहिणीला ते पटत नाही, ती नम्रपणे नाही म्हणते, आणि शेजारी दोघींवर सारखीच माया करतात. तुमचं जे ठरेल ते तोंड वाकडं न करता करा.

घरच्यांना सांगताना नावापासून सुरुवात करू नका. 'मी पेगन झाले' हे वाक्य ऐकून आईच्या डोळ्यांत पाणी येतं आणि पुढचं काही ऐकूच जात नाही. 'या रविवारी नव्या ज्वारीची भाकरी करून प्रार्थना करू या का?' असं विचारा. पाळकसाहेबांशी मात्र मोकळं बोला, शक्यतो एकट्यानं आणि घाई नसताना. ते नाही म्हणतील हेही शक्य आहे. मला एका पाळकांनी वर्षभर उत्तरच दिलं नाही. दुसऱ्यांनी मात्र स्तोत्रांची यादी लिहून दिली. पण परसात लपून करावं लागलं की उपासनेला चोरटेपणा येतो. आजीच्या वाट्याला तो आला, आणि त्याचं दुःख मला आजही आहे. लहान मुलांना कशाचीही सक्ती नको. त्यांना वाडगं धरू द्या, पाऊस पकडू द्या.

सातवी पायरी: वही

साधी शंभर पानी वही. तारीख, आकाश, काय केलं, मनात काय आलं, एवढंच. वर्षाअखेरी वाचताना जी रीत तीन वेळा टाळलेली दिसेल ती काढून टाका. जिच्याबद्दल आपोआप जास्त लिहिलं गेलं असेल ती पुढच्या वर्षी ठेवा. पहिल्या वर्षी चारपेक्षा जास्त सण घेऊ नका.

सुरुवात एप्रिल संपता संपता करा. मातीचं वाडगं धुऊन आत्ताच गच्चीवर ठेवा, वळीव सांगून येत नाही.